साडेएकोणचाळीस जोडे

तपासणीचा पहिला दिवस. अजून पेनाचं टोपणसुद्धा निघालं नव्हतं, तेवढ्यात तपासनीसाला रजिस्टरात अर्धा माणूस सापडला.

चेष्टा नाही. तारीख, वार, आणि पुढे स्वच्छ निळ्या शाईत लिहिलेलं: "मुक्कामी ३९½". खाली दुसऱ्या दिवशी ४१½. तिसऱ्या दिवशी ३७½. जणू हा अर्धा माणूस रोज नेमाने मुक्कामाला होता आणि रोज अर्धाच होता.

तपासनीस अकरा वर्षं खात्यात होती. या अकरा वर्षांत तिने रजिस्टरांत मेलेली माणसं पाहिली होती, न जन्मलेली पाहिली होती, एकाच दुपारी दोन गावांत पोटभर जेवलेला एक महाभागही पाहिला होता. पण अर्धा माणूस? तो पहिल्यांदाच.

"बाई, हे काय आहे?" तिने विचारलं.

"साडेएकोणचाळीस," समोर बसलेल्या बाई म्हणाल्या. "अपूर्णांक तुला पाचवीत शिकवलाय मी. वाचता येत नाही का?"

खरंच शिकवला होता. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, डाव्या हाताच्या तिसऱ्या खोलीत. पुढे गावातली पोरं कमी झाली, शाळा बंद पडली, गणिताच्या बाई निवृत्त झाल्या आणि घरी बसून कंटाळल्या. त्याच सुमारास मोठ्या रस्त्याने माणसं येऊ लागली. कुणाच्या गावात गोळ्या चालत होत्या, कुणाच्या गावात प्यायला थेंब उरला नव्हता. पाठीवर पोर, हातात बोचकं, आणि पुढे कुठं जायचं ते त्यांनाच ठाऊक. बाईंनी नगरपालिकेकडून शाळेच्या किल्ल्या मागून घेतल्या, बाकं भिंतीला लावली आणि निवारा उघडला. एक रात्र मुक्काम, एक वेळचं गरम सूप नि पाव, जखमेला मलम, सकाळी पुढच्या गाडीचं तिकीट. सरकार माणशी अनुदान द्यायचं. तीन वर्षं हे चाललं होतं.

आणि आता त्या अनुदानाचा हिशेब तपासायला खात्याने कुणाला धाडावं? तर बाईंच्याच विद्यार्थिनीला. तिने साहेबांना सांगून पाहिलं होतं, की या माझ्या शिक्षिका आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब म्हणाले, "या गावात कोण कुणाचं काही लागत नाही, मॅडम? मग तपासणीच बंद करायची का?"

बाईंनी मात्र तिला दारातच ओळखलं. "अगं बाई! माझी हातचाचोर आली!"

शाळेत तिचं हेच नाव होतं. बेरीज करताना ती हटकून हातचा विसरायची. एकक बरोबर, दशक बरोबर आणि मग सगळा डोलारा कोसळायचा. बाई लाल पेनाने त्या जागी गोल करायच्या आणि विचारायच्या, "हातचा कुठं खाल्लास? चोर कुठली!" सगळा वर्ग खिदळायचा. आता तिच्या कानाजवळ पांढरे केस होते, हातात खात्याची बॅग होती आणि तरी तिचे कान लाल झाले.

"रीत पहिल्या पानावर लिहिली आहे," बाई म्हणाल्या. "आधी पहिलं पान वाचायचं, मग शंका विचारायच्या. हेही शिकवलं होतं."

तिने पहिलं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं: "रीत: संध्याकाळी सात वाजता दाराशी असलेले जोडे मोजावेत. एक जोडा म्हणजे एक माणूस."

"जोडे?"

"पहिल्या आठवड्यात मी माणसंच मोजली," बाई सांगू लागल्या. "रांग लावली, शिट्टी वाजवली, सहीचा कागद फिरवला. सकाळी बघते तर अकरा जण मागच्या भिंतीवरून पसार. जेवण तसंच टाकून! मग एका म्हातारीने सांगितलं, की त्यांच्याकडे आधी मोजायला येतात आणि नंतर न्यायला येतात. ते ऐकल्यावर मी शिट्टी ठेवून दिली. फरशी पुसलेली असते, जोडे बाहेर काढा म्हटलं की सगळे निमूट काढतात. सगळे झोपायच्या तयारीला लागले की मी दाराशी जाऊन मोजते. माणूस मोजला की पळतो गं. जोडा कुठं पळतोय?"

"आणि अर्धा?"

बाईंनी मागे वळून हाक मारली. "साडे! ओ साडे! जरा इकडे या!"

स्वयंपाकघरातून एक उंच, हडकुळा माणूस लंगडत आला. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला पांढरं बँडेज. त्याचा दुसरा बूट नदी ओलांडताना गेला होता आणि बुटाबरोबर दोन बोटंही. पाय बरा होईपर्यंत बाईंनी त्याला ठेवून घेतलं होतं. तो पातेली घासायचा आणि सगळे त्याला साडे म्हणायचे.

"या सरकारातून आल्यात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला बघायचं होतं त्यांना."

साडेने तिला नमस्कार केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "जेवतो मात्र मी पूर्ण, ताई."

तिला हसू आलं. पण गंमत इथंच संपत होती.

एका बुटाचा अर्धा माणूस, ठीक. पण बिनबुटाचा? वाटेत चपला झिजून तुटलेले, चिखलात गेलेले, पोराला कडेवर घ्यायचं म्हणून ओझं टाकताना जोडेही टाकून आलेले, असे कितीतरी जण अनवाणी यायचे. बाईंच्या रीतीत त्यांची किंमत शून्य. बाई दुसऱ्या दिवशी त्यांना जोडे घेऊन द्यायच्या, पण तोवर गाडीची वेळ व्हायची आणि माणूस नव्या जोड्यासकट निघून जायचा. सूप मात्र त्याने आदल्या दिवशी प्यायलेलं असायचं. तीन महिन्यांत रजिस्टरात माणसं तीन हजार चारशे साडेबारा आणि वाढलेली जेवणं तीन हजार आठशे एकाहत्तर.

"अनवाण्यांची वेगळी ओळ का नाही लिहिली, बाई?"

"मोजायला आत जावं लागलं असतं. कुणाचे पाय उघडे ते पांघरूण उचलून बघत फिरू?" बाई म्हणाल्या. "शिवाय रीत एकदा ठरली की ठरली. अर्ध्या गणितात रीत बदलायची नसते."

तिने पुढची फाइल ओढली. खाटांसाठी आलेल्या पैशातून जोडे घेतले होते. का? "खाटेवर झोपून माणूस पुढच्या गावाला पोचत नाही." तिकिटांच्या पावत्या नव्हत्या. का? "तिकीट ते घेऊन गेले. मी ठेवून घेतलं तर कंडक्टरला काय दाखवतील? माझा फोटो?"

प्रत्येक उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. आणि एकही उत्तर तक्त्याच्या रकान्यात मावत नव्हतं.

दुपारी तिने मधल्या पायऱ्यांवर बसून साहेबांना फोन लावला. "साहेब, खर्च खरा आहे. माणसं खरी आहेत. मी डोळ्यांनी बघतेय."

"मग शेऱ्यात लिहा ना तसं," साहेब म्हणाले. "छान लिहा. पण रक्कम आक्षेपाच्याच रकान्यात घाला. अंगठा नाही, पावती नाही, म्हणजे आक्षेप. आपण माणसं तपासत नाही, मॅडम. कागद तपासतो."

साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या.

आता एक गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती आणि ती सांगायची तिला सक्त मनाई होती. खात्याचं एक आतलं परिपत्रक होतं. आक्षेपाची रक्कम अनुदानाच्या एक दशांशाच्या आत असेल तर समज देऊन सोडायचं. एक दशांशाच्या वर गेली तर अनुदान बंद आणि निवारा दुसऱ्याकडे. आधी कळलं तर लोक हिशेब त्या मापाने बेततील, म्हणून गुप्त. बाईंचं तिमाही अनुदान होतं आठ लाख. म्हणजे ऐंशी हजार ही लक्ष्मणरेषा.

आणि दुसरा म्हणजे कोण, तेही तिला माहीत होतं. गावाबाहेर तारेच्या कुंपणात तंबूंची छावणी चालवणारा मोती. तिच्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. अक्षर मोत्यासारखं म्हणून मोती, आणि नाव कुत्र्याचं वाटतं म्हणून पोरं "यू यू" करून त्याला चिडवायची. गणितं सगळी शेजाऱ्याची बघून लिहायचा, पण अशी सुंदर लिहायचा की बाईंनाही मार्क कापताना जिवावर यायचं. त्याची फाइल खात्यात नमुना म्हणून दाखवतात. प्रत्येक माणसापुढे फोटो, प्रत्येक जेवणापुढे अंगठा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तक्ता भरायला घेतला. जागेवरचा तक्ता हातानेच भरायचा, खाली कार्बन घालून तीन प्रती. साहेब येणार, तिघांच्या सह्या होणार आणि वरच्या कचेरीत फक्त शेवटची ओळ वाचली जाणार. साहेबांनी आजवर एकही बेरीज पडताळून पाहिली नव्हती. तेवढा वेळ कुणाला आहे?

जादा जेवणं: ३८,५१४.
खाटांऐवजी जोडे: २९,८७५.
तिकिटं व औषधं, पावतीविना: १७,२९०.

तिने रेघ मारली आणि बेरीज करायला लागली. एकक नऊ. दशकाचे सतरा, सात लिहिले, हातचा एक. शतकाचे सोळा, सहा लिहिले, हातचा एक. हजारांचे पंचवीस. पाच लिहिले. हातचे दोन.

तिचं पेन थांबलं.

खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. साडे एका पोराला पातेल्याच्या झाकणावर ठेका धरून दाखवत होता. एक बाई जोड्यांच्या फळीजवळ उभी राहून आपल्या मुलीच्या पायात नवे बूट चढवत होती. बूट दोन नंबर मोठे होते आणि मुलगी टाचा आपटत, बदकासारखी, अंगणभर चालून दाखवत होती.

तीन, दोन आणि एक सहा. हातचा... एक. सात.

७५,६७९.

आयुष्यात पहिल्यांदाच ती हातचा मुद्दाम विसरली होती. पकडली गेली तर नोकरी जाणार होती. पण तिच्याइतका या चुकीवर हक्क सांगू शकेल असं दुसरं तरी कोण होतं?

साहेब अकराला आले. चहा झाला. साहेबांनी फळीवरचे जोडे बघून "वा, शिस्त आहे" म्हटलं, शेवटची ओळ वाचली, मान डोलावली. त्यांचाही चेहरा जरा सैल झाला, त्यांनाही हा निवारा बंद करायची हौस नव्हती. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"बाई, तुम्ही आधी सही करा," साहेब म्हणाले. "मान तुमचा."

बाईंनी चष्मा लावला आणि कागद पुढे ओढला.

सही करायची जागा खाली होती. बाईंची नजर मात्र वर गेली. चाळीस वर्षं ज्या बाईने उत्तरपत्रिका तपासल्या, तिच्यापुढे उभी बेरीज ठेवली तर ती काय करणार? भुकेल्यापुढे ताट ठेवण्यासारखंच ते. त्यांचे ओठ हलू लागले. चार नि पाच नऊ... तपासनीसाने टेबलाखाली हात आवळले. बाई, नको. बाई, सही करा. बाई, फक्त सही.

बाईंचं बोट थांबलं. त्यांचा चेहरा उजळला, अगदी वर्गात उजळायचा तसा.

"सापडली!" त्या खळखळून हसल्या. "साहेब, बघा तुमची अधिकारी! अगं, हातचे दोन होते, तू एकच घेतलास! एवढी मोठी झाली, सरकारात गेली, तरी हातचा खायची खोड काही जात नाही!"

आणि मेजावरचं लाल पेन उचलून त्यांनी सातावर गोल काढला, शेजारी आठ लिहिला आणि खाली बारीक सही ठोकली. "चोर कुठली."



साहेबांनी कागद उचलला. लाल आकडा पाहिला. मग एकदा तपासनीसाकडे पाहिलं आणि त्या एका नजरेत त्यांना सगळं समजल्याचं तिला समजलं. पण आता करण्यासारखं काय होतं? बाईंची दुरुस्ती कार्बनमधून तिन्ही प्रतींत उमटली होती.

"बरोबर आहे बाईंचं," ते घसा खाकरून म्हणाले. "पंच्याऐंशी हजार सहाशे एकोणऐंशी." आणि सही करून ते गाडीत जाऊन बसले. राहिलेला चहा त्यांनी प्यायला नाही.

बाई अजून हसतच होत्या. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

"काय झालं?"

आता सांगायला मनाई कसली? तिने सांगितलं. परिपत्रक, एक दशांश, ऐंशी हजार. मोती.

बाईंनी त्या लाल गोलावर बोट ठेवलं.

"मुद्दाम विसरली होतीस?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

"मग माझ्या कानात सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही सही केली असती, बाई?"

बाई विचार करू लागल्या. खरंच विचार करत होत्या, उगाच नाही. अंगणात त्या मुलीच्या टाचा आपटत होत्या.

"नाही," शेवटी त्या म्हणाल्या. मग लाल पेनाला टोपण लावत, हळूच म्हणाल्या, "पण सांगायचं होतंस गं."

पंधरा दिवसांत अनुदान थांबलं. नगरपालिकेने किल्ल्या परत घेतल्या. बाईंनी शेवटच्या संध्याकाळी सातला जोडे मोजले, आकडा लिहिला आणि रजिस्टर खात्याला पोस्टाने पाठवलं. पोचपावती मागितली नाही. निवाऱ्यातली माणसं मोतीच्या छावणीत हलवावीत असा हुकूम निघाला आणि फाइलप्रमाणे ती हललीही.

पुढच्या महिन्यात छावणीच्या तपासणीला तपासनीसच गेली. कुंपणाच्या फाटकावर कॅमेरा, शाईचं पॅड, रजिस्टर. आत पांढरेशुभ्र तंबू, ओळीने, जणू वहीतली समासाची रेघ.

"ये ये!" मोती पुढे आला. "बाईंचं वाईट वाटलं गं. देवमाणूस. पण कागद नको का नीट?"

कागद नीट होता. मुक्कामी एकशे चाळीस. एकशे चाळीस फोटो, एकशे चाळीस अंगठे, प्रत्येकाच्या रेषा वेगळ्या. अक्षर मोत्यासारखं.

"माणसं कुठं आहेत?"

"फिरायला गेलीत. कोंडून थोडंच ठेवतो आपण?"

मोठ्या तंबूशी फरशी पुसलेली होती, म्हणून सवयीने तिने बूट काढले. आत गेली. खाटा होत्या, घडी घातलेली पांघरुणं होती, घड्या अजून कारखान्यातल्याच. मोतीचा एक कामगार तिच्यासाठी चहा घेऊन आला. कप धरलेल्या त्याच्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. दहाच्या दहा बोटांची टोकं निळी होती. दुसऱ्याने खुर्ची आणली. त्याचीही दहा. असे चौदा कामगार होते छावणीत. चौदा दाहे एकशे चाळीस. फोटो काय, मोठ्या रस्त्याने जाणाऱ्या कुणाचेही निघतात. हा पाढा तर तिला हातच्याशिवाय येत होता.

ती बाहेर आली तेव्हा सात वाजले होते. दाराशी एकच जोडा होता. तिचा.

तक्त्यात आक्षेपाच्या रकान्यात घालायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. एक पावती कमी नाही, एक अंगठा कमी नाही. बेरीज करायलाही काही नव्हतं, मग हातचा कुठला? शेऱ्यात तिने लिहिलं: "सायंकाळी सात वाजता दाराशी जोडे: एक, तपासनीसाचा. कामगारांची बोटं निळी."

चार दिवसांनी तक्ता परत आला. साहेबांनी त्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, "जोड्यांचा रकाना नाही. बोटांचाही." खाली त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलं होतं. तिने तो कागद उजेडात धरून पाहिला. "माफ करा" असावं बहुतेक.

त्याच दुपारी ती बसथांब्यावर उतरली. छपराखाली बाकाच्या मागे, भिंतीला टेकून माणसं बसली होती, बोचकी पोटाशी धरून. कुणीच जोडे काढले नव्हते, उठून पळायला सोपं जावं म्हणून. त्यांत एक उंच, हडकुळा माणूस होता. त्याने तिला पाहिलं आणि दोन्ही पाय पुढे पसरून दाखवले. एका पायात त्याचा काळा बूट होता, दुसऱ्यात तपकिरी, बाईंनी जाताना दिलेला. मापाने जरा मोठा, पुढे बोटांच्या जागी चिंधी कोंबलेली.

"बघा ताई," साडे म्हणाला, "पूर्ण झालो."

तिने बॅगेत हात घातला. आत खात्याचे कोरे तक्ते होते, तिन्ही प्रतींचे, कार्बनसकट. तिने ते चाळून पाहिले, एकेक रकाना, वरपासून खालपर्यंत. मग बॅग बंद केली आणि त्याची बस येईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिली.